मांजराची विद्या

पुण्याहून ट्रेनिंग घेऊन कुंडलिक गुरुजी पिंपळटेंभ्याला परत आले, तेव्हा गावात पहिली बातमी पसरली ती अशी, की सरकारने आपल्या मास्तराला दोन वर्षं मांजराच्या हाताखाली ठेवलं होतं.

बातमी अगदीच खोटी नव्हती, आणि ती पसरवली खुद्द गुरुजींनीच. आल्या दिवशी ते जयराम पाटलांच्या ओट्यावर बसले आणि चहाची बशी तोंडाला लावायच्या आत त्यांनी अमेरिकेतल्या त्या प्रोफेसराची हकीगत सुरू केली. प्रोफेसराने उपाशी मांजर पेटीत कोंडलं. बाहेर माशाचा तुकडा ठेवला. मांजराने ओरबाडलं, उड्या मारल्या, गुरगुरून पाहिलं, आणि असं करता करता चुकून त्याचा पाय आतल्या खिटीवर पडला. दार उघडलं, मासा मिळाला. पुन्हा कोंडलं, पुन्हा तेच. विसाव्या वेळी मांजर पेटीत गेलं की सरळ खिटीलाच हात घालू लागलं.

"म्हंजे मांजर मासं खातं, ह्ये बघाय साहेबाला एवडी खटपट पडली?" जयराम पाटील म्हणाले. "आमच्या घरी पाठवायचा व्हता त्याला. पेटीबी नको, शिंकं पुरं."

"पाटील, मुद्दा मांजराचा नाही, शिकण्याचा आहे. बरोबर केल्याबरोबर गोड फळ हातात पडलं, की ती गोष्ट अंगात मुरते. चुकलं तर मारायचं नाही, रागवायचं नाही. काहीच करायचं नाही. चूक आपोआप वाळून जाते."

"मंग आमच्या पोरांना काय घालनार तुमी? बोंबील?"

ओट्यावरची झाडून सगळी माणसं हसली आणि त्या दिवसापासून गुरुजींना मांजरमास्तर हे नाव पडलं. गुरुजीही हसले. ते मुळात रागावणारे गृहस्थ नव्हतेच. सापगावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. शहापूरच्या शाळेत सातवीची फायनल पास झाला आणि नांगर धरायच्या वयात खडू धरून बसला, एवढाच काय तो त्याने घराण्याविरुद्ध केलेला बंडावा. ट्रेनिंगला जायच्या आधी निरगुडीची छडी त्यांच्या टेबलावर असे, कारण बोर्डाच्या प्रत्येक मास्तराच्या टेबलावर ती असे. पण गुरुजी मारताना स्वतःच डोळे मिटून घेत. त्यामुळे छडी निम्म्या वेळा बाकावर बसे आणि पोरं बाकाच्या वतीने ओरडून देत. हजेरीपटावर नावं बेचाळीस आणि शाळेत पोरं नऊ. बाकीची गुरांमागे. जी येत त्यांनाही दोन वर्षांत बाराखडीच्या पलीकडचा मुलूख दिसला नव्हता. 'आपल्याला शिकवता येत नाही' ही गोष्ट कुंडलिक गुरुजींना फार आत कुठेतरी ठाऊक होती, आणि म्हणूनच मांजराच्या त्या पेटीची हकीगत ऐकून त्यांना जे वाटलं ते वाळवंटात विहीर लागलेल्या माणसाला वाटत असेल.

शाळा उघडली त्या दिवशी त्यांनी छडी मोडून चुलीत घातली. टेबलावर आली फुटाण्यांची पत्र्याची डबी.

फुटाणे सरस्वतीबाईंनी भाजलेले. हरभरा त्यांच्या माहेरचा, भिवंडीकडचा, दर हंगामाला गोणीभर येई. कढईत वाळू तापवून त्या असे फुटाणे भाजत की मुरबाडच्या बाजारातला भडभुंजा तोंड लपवून बसावा. गुरुजींना मूल नव्हतं. सरस्वतीबाई म्हणत, "एक दिलं असतं देवानं तर एवढा चणा लागला नसता. आता चाळीस जणांचं भाजतेय." म्हणत हसत, पण कढईकडे बघत म्हणत.

पद्धत मोठी नेमकी होती. धडा म्हणजे भाकरी. अख्खी कुणाच्या घशात कोंबायची नाही, घास करायचे. एका वेळी एकच घास. नद्यांचा धडा असला की गुरुजी आधी स्वतः म्हणत, "काळू, शाई." मग बोट उंचावून टिचकी वाजवत, की सगळा वर्ग एका तोंडाने "काळू, शाई!" मग एकेकाकडे बोट. बरोबर आलं की त्याच श्वासाला फुटाणा तळहातावर. उशीर केला तर फळ कशाचं ते पोराला कळत नाही, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. चुकलं तर गुरुजींचा चेहरा दगडाचा. राग नाही, दया नाही. बरोबर उत्तर स्वतः एकदा म्हणून दाखवायचं आणि पुढच्या मुलाकडे वळायचं. सगळ्यांची पाळी झाली की चुकलेल्याला पुन्हा संधी. आणि सगळ्यांत वरचा नेम हा, की उत्तराशिवाय फुटाणा नाही. सणाला नाही, रडण्याला नाही, पाटलाच्या नातवाला नाही. एकदा फुकट दिला की विद्या नासली.

हा दगडी चेहरा गुरुजींना सगळ्यांत जड गेला. पहिले आठ दिवस चुकलेल्या पोराकडे पाहिलं की त्यांच्या मिशा थरथरत. मग घरी आरशासमोर बसून त्यांनी दगड होण्याचा सराव केला. सरस्वतीबाई दारातून म्हणाल्या, "पोट दुखतंय का?"

पण जमलं. असं जमलं की महिन्याभरात पोरांचा गजर ओढ्यापलीकडच्या शेतात ऐकू यायला लागला. नऊची एकोणीस झाली, एकोणीसची छत्तीस. गुरं भावंडांवर टाकून पोरं शाळेला पळू लागली. दोन वर्षांत चौथीची परीक्षा द्यायला मुरबाडला पाच पोरं गेली आणि पाचही पास झाली. तपासणीला आलेल्या डिपोटीसाहेबांनी स्वतः टिचकी वाजवून बघितली. वर्ग गरजला. साहेब दचकले, मग खूश झाले आणि एक फुटाणा खाऊन गेले. उत्तर न देता फुटाणा मिळालेला पिंपळटेंभ्यातला तो एकमेव मनुष्य.

चाळीस साली वर डोंगराच्या वाडीतून राही आली.

वाडी शाळेपासून दीड कोस. तिथून त्याआधी एकही मुलगी शाळेत आली नव्हती. मुलगेही येत ते जत्रेला आल्यासारखे. राही आठ वर्षांची, काटकुळी, पायांवर चढाव उतरून आलेली धूळ. कोपऱ्यात उभी राहिली. टिचकी वाजली तेव्हा दचकली. दुसऱ्या टिचकीला तिचे ओठ हलले. तिसऱ्या टिचकीला तिचा आवाज सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर आला.

गुरुजींनी फुटाणा तिच्या तळहातावर ठेवला. तिने मूठ मिटली. बाकीची पोरं फुटाणा तोंडात टाकून कुरुम् करून मोकळी होत. राही मूठ हळूच परकराच्या ओच्याकडे नेई, की फुटाणा दिसेनासा. दिवसभरात पाच मिळोत की पंधरा, तिचं तोंड कधी हललं नाही.

गुरुजींच्या नजरेतून हे सुटलं नाही. त्यांच्याजवळ एक प्रयोगवही असे. तीत त्यांनी लिहिलं: 'रा. ही बक्षिसाचा उपभोग लांबणीवर टाकते. उच्च बुद्धीचं लक्षण.' त्याखाली दोन रेघा ओढल्या. घरी येऊन सरस्वतीबाईंना वाचून दाखवलं.

"खात नाही म्हणजे?" त्या म्हणाल्या. "मग करते काय त्याचं?"

"नंतर खात असेल."

"विचारा की एकदा."

"विचारलं की प्रयोग बिघडतो."

दुसऱ्या दिवशी सरस्वतीबाईंनी फुटाण्यांत चार गुळाचे खडे टाकून दिले. गुरुजींनी ते वेचून बाहेर ठेवले. बक्षीस सारखं हवं.

तीन वर्षांत राही चौथीत आली. एवढ्या काळात तिची गैरहजेरी नऊ दिवस, तीही नदीला पूर असताना. मोठ्या पोरांची गणितं ती खिडकीतून ऐकून सोडवी. आणि गुरुजींच्या मनात, त्या दगडी चेहऱ्याच्या मागे, एक वेडं स्वप्न वाढायला लागलं. राही चौथी पास होईल. मग मुरबाडला ठेवून फायनल. मग ट्रेनिंग. आणि एक दिवस या डोंगरपट्टीत, जिथे बाईमाणसाला अंगठा उठवायलाही दुसऱ्याने हात धरावा लागतो तिथे, राही मास्तरीण होऊन टिचकी वाजवील. ते वाडीवर जाऊन तिच्या आईला, धोंडीबाईला, सांगूनही आले. धोंडीबाई नाचणी पाखडत होती. तिला बाप्याने पोरीबद्दल बोलायला एवढं लांब यावं याचंच नवल वाटलं.

"मास्तरीन? आमची राही?" ती हसून म्हणाली. "गुरुजी, तिला चूल फुकायला लावली तर धूर आमच्याच डोल्यात जातो."

"धोंडीबाई, चौथी होईस्तोवर तिचं लगीन काढू नका. एवढं ऐका माझं."

"नाय काढीत. तुमच्या शालेनं पोर हासते तरी. घरात बारकी सावली हाय ना, ती हिचीच वाट बघते सांजची. 'ताय आली, ताय आली' करत उतरणीपर्यंत पलते."

सावळी म्हणजे राहीची धाकटी बहीण, चार वर्षांची. ती ताईची वाट कशासाठी बघते हे गुरुजींनी विचारलं नाही. बहिणीचं प्रेम, आणखी काय?

मग त्रेचाळीस साल आलं. लढाई कुठे तरी ब्रह्मदेशात चालली होती म्हणत, पण तिचं तोंड पिंपळटेंभ्याच्या कणग्यांत होतं. सरकारी लेव्हीत भात गेलं. रॉकेलला कंट्रोल, साखरेला कंट्रोल, कापडाला कंट्रोल. भिवंडीहून येणारी हरभऱ्याची गोण पसाभर होऊन आली आणि मग आलीच नाही. सरस्वतीबाईंनी तळातले चणे भाजून दिले आणि म्हणाल्या, "हे शेवटचे. पुरवा."

गुरुजींनी पुरवले. त्यालाही विद्येत उत्तर होतं: बक्षीस दर वेळी दिलं नाही, अधूनमधून दिलं, तर सवय जास्त टिकते. म्हणून सोप्या उत्तराला आता काही नाही. अवघड उत्तराला एक. पोरं जास्त जोराने ओरडू लागली. गुरुजींना वाटलं, प्रयोग यशस्वी होतोय. ती पोरं सकाळी काय खाऊन आली होती याचा रकाना प्रयोगवहीत नव्हता.

आश्विनात भात पोटरीला आलं आणि घरोघरी हिवताप आला. क्विनीन मिळेना, तेही लढाईवर गेलं होतं. राही दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती शाळा भरून तास झाल्यावर, पळत, दम लागलेली. जागेवर न जाता थेट टेबलापाशी उभी राहिली. असं तिने तीन वर्षांत कधी केलं नव्हतं.

"गुरुजी, आज आधी द्या. उत्तर मंग देते."

वर्ग फिसकन हसला. गुरुजींनाही हसू आलं. आपली शहाणी राही, आणि हा पोरकटपणा! त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "असं कसं गं? आधी उत्तर, मग फुटाणा. नेम काय आपला?"

"उद्या धा उत्तरं देते. इसं देते. आज एक आधी द्या."

"नेम काय, राही?"

तिने मान खाली घातली. "उत्तर... मंग फुटाना."

"शाब्बास. मग सोपंच विचारतो. आपल्या तालुक्यातल्या नद्या सांग."

हे उत्तर ती झोपेत देई. पहिलीतल्या पोरांना तिनेच पाठ करून दिलं होतं. गुरुजींनी डबीत हातही घातला होता. टिचकी वाजली.

"काळू..." राही म्हणाली. "काळू. शाई." आणि थांबली. तिचे डोळे दाराकडे गेले, वाडीच्या वाटेकडे. ओठ हलले, शब्द आला नाही. "काळू..."

गुरुजी थांबले. नेमाप्रमाणे पाच श्वास थांबले. त्यांच्या मिशा थरथरल्या की काय, ते वर्गाला दिसलं नाही. सात वर्षांचा सराव होता. हात डबीतून रिकामा बाहेर आला. चेहरा दगडाचा झाला. "काळू, शाई, कनकवीरा, बारवी," त्यांनी एकदा म्हणून दाखवलं आणि ते पुढच्या मुलाकडे, रंगूकडे, वळले. रंगूने घडाघडा सांगितल्या. फुटाणा त्याला मिळाला. कुरुम् असा आवाज झाला.

सगळ्यांची पाळी होऊन राहीला पुन्हा संधी मिळायला फार तर पाव तास लागणार होता. पण राहीने तेवढा वेळ घालवला नाही. ती वळली, दारातून बाहेर पडली आणि वाडीच्या वाटेला लागली. गुरुजींना हाक मारावीशी वाटली. हाक तोंडाशी आली होती. पण रुसव्याकडे दुर्लक्ष करावं, रुसव्याला फळ मिळालं की रुसवाच मुरतो, हेही ट्रेनिंगमध्ये सांगितलेलंच होतं.

संध्याकाळी त्यांनी हे घरी सांगितलं. नवल म्हणून सांगितलं. सरस्वतीबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला.

"तिनं मागितला? राहीनं? आपल्या तोंडानं?"

"हो ना. पहिल्यांदाच."

"आणि तुम्ही दिला नाही?"

"अगं, एकदा फुकट दिला तर—"

"तीन वर्षांत पोरीनं एकदा तोंड उघडलं, आणि तुम्ही तिला नद्या विचारल्या!" सरस्वतीबाई उठून परसात गेल्या. भाकरी तव्यावर करपली. गुरुजींनीच ती उलटली, आणि हात भाजून घेतला.

दुसऱ्या दिवशी राही आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी गुरुजींनी दुपारीच शाळा सोडली, डबीतले उरलेले फुटाणे रुमालात बांधले आणि डोंगर चढायला लागले. वाटेत त्यांनी ठरवलं होतं, की प्रयोग गेला खड्ड्यात, आज सगळे द्यायचे.

वाडीवर धोंडीबाई दारात बसली होती. समोर काही काम नव्हतं, सूप नव्हतं, नाचणी नव्हती. गुरुजींना पाहून तिने पदर सावरला आणि बसायला घोंगडं टाकलं.

"सावली गेली, गुरुजी," ती म्हणाली.

गुरुजी बसले नाहीत.

"चार दिस ताप व्हता. तोंडात पानी घेत नव्हती. त्या सकालला डोलं उघडलं नि म्हनली, तायचा फुटाना दे. आमी म्हनलं, पोरीला भूक लागली, आता जगतंय पोर. रोज सांजला ताय आनून द्यायची ना तिला. एक एक करून खायची, उखलावर बसून. मी राहीला म्हनलं, जा, पलत जा, गुरुजींकडनं घेऊन ये." धोंडीबाईने हाताने जमिनीवरची माती सारखी केली. "ती येईस्तोवर पोर जागी व्हती. हात पुढं केला तिनं. राहीच्या हातात काय नव्हतं. मंग तिनं भिताडाकडं तोंड केलं. सांजला गेली."

"धोंडीबाई," गुरुजी म्हणाले.

"तुमी नका मनाला लावून घेऊ. एका फुटान्यानं काय मरनारं मानूस जगतंय? तापच वंगाल." आणि मग तिने, अगदी समजुतीने, मास्तराची बाजू घेत म्हटलं, "नि तुमी तरी कसा देनार? नेम म्हंजे नेम. पोरीला उत्तर आलं नाय."

शिव्या दिल्या असत्या तर गुरुजींनी त्या डोक्यावर घेतल्या असत्या. धोंडीबाईने त्यांना माफ केलं नव्हतं. तिला माफ करण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

"राही कुठाय?"

"मागं. चार दिस तिथंच बसलीय. खात नाय, न्हात नाय. तुमीच बगा काय आयकली तर."

घरामागे उखळापाशी राही गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि पुटपुटत होती. गुरुजी जवळ गेले तेव्हा त्यांना ऐकू आलं. काळू, शाई, कनकवीरा, बारवी. काळू, शाई, कनकवीरा, बारवी. एकही नदी चुकत नव्हती.

त्यांना पाहून ती चटकन उठली, हात बांधून सरळ उभी राहिली.

"आता येतात, गुरुजी. समद्या येतात. तवा आल्या नाय." तिचा आवाज बारीक झाला. "मी चुकले म्हनून सावली गेली."

"नाही गं, राही. तू नाही चुकलीस. मी चुकलो. ऐक, मी चुकलो."

राहीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात न शिकवलेला प्रश्न विचारल्यावर पाहत असे. गुरुजी चुकतात ही गोष्ट धड्यात कुठेच नव्हती. गुरुजींनी घाईघाईने रुमाल सोडला, सगळे फुटाणे तिच्या ओंजळीत ओतले. तिने ओंजळीकडे पाहिलं.

"कशाचं ह्ये?"

"कशाचं नाही. असेच घे."

"मी काय सांगितलं? काय इचारलंच नाय तुमी."

"असेच, बाळ. उत्तराचे नाहीत. माझ्याकडून."

"असंच कधी दिलं नाय तुमी," राही म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. जशी बे एके बे ही तक्रार नसते. तिने ओंजळ रुमालावर रिकामी केली, एक फुटाणा खाली पडला तोही उचलून वर ठेवला, आणि रुमालाची चारही टोकं नीट जुळवून गुरुजींच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी प्रत्येक पोराच्या हातावर एकेक फुटाणा ठेवला, न विचारता. एकानेही तोंडात टाकला नाही. पोरं तळहात पुढे धरून टिचकीची वाट बघत उभी राहिली. शेवटी रंगूला राहवेना. तो आपण होऊन नद्या म्हणू लागला, मग सगळा वर्ग म्हणू लागला, आणि त्या गजरात गुरुजी फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. पोरांना वाटलं, काही लिहिणार आहेत.

त्यानंतर तीन महिने दर रविवारी कुंडलिक गुरुजी डोंगर चढून गेले. आता ते कसलीही टिचकी वाजवत नसत. ते गोष्टी सांगत, मुद्दाम चुकीच्या सांगत, वाघाला शिंगं लावत, की राहीने हसावं, नाही म्हणावं, त्यांना चुकीचं ठरवावं. राही ऐकून घेई. एखादी गोष्ट पक्की येत असेल तरच बोले. जराही शंका असली की ओठ मिटे. पुढे पुढे शंका सगळ्यालाच येऊ लागली. आज कोणता वार, असं विचारलं तरी ती आधी आईकडे बघे. परीक्षेचा अर्ज गुरुजींनी भरला होता. मुरबाडला जायच्या दिवशी ते सकाळी वाडीवर गेले, तेव्हा राही पाण्याला गेली होती. दुपारपर्यंत ती पाण्यालाच गेलेली होती. मग गुरुजी दुसऱ्या पोरांना घेऊन मुरबाडला गेले.

पुढल्या वैशाखात तिचं लग्न झालं, कसाऱ्याकडे. धोंडीबाईने आमंत्रण दिलं आणि खाली बघून म्हणाली, "तुमाला शब्द दिलता, पन चौथीत ती बसलीच नाय ना."

डिपोटीसाहेब मोठ्या साहेबांना घेऊन आले, पद्धत दाखवायला. गुरुजींनी दाखवली नाही. ते म्हणाले, "पद्धत चांगली आहे, साहेब. पोरं खरंच शिकतात तिच्याने. मी तिच्यामागे लपलो, एवढंच." साहेबांना काही बोध झाला नाही. दोन वर्षांनी गुरुजींची बदली शहापूर तालुक्यात झाली. तिथे ते बरे शिकवणारे आणि फार बोलके मास्तर म्हणून ओळखले जात. पोरं चुकली की ते जवळ बसून पाठीवर हात ठेवत आणि एवढा वेळ ठेवत की पोरांनाच अवघडल्यासारखं होई.

एकोणपन्नास साली, शहापूरच्या बाजाराच्या दिवशी, लाकडाच्या मोळ्या विकायला बसलेल्या बायकांमध्ये त्यांना राही दिसली. कडेवर वर्षाची मुलगी. गुरुजींनी तिला ओळखलं त्याआधी तिने त्यांना ओळखलं होतं, कारण ती उठून उभी होती आणि मूल सांभाळत हात बांधायचा प्रयत्न करत होती.

"राही! कशी आहेस, बाळ?"

"बरी हाय, गुरुजी." उत्तर ताबडतोब आलं.

"ही तुझी? नाव काय हिचं?"

"सावली."

गुरुजींनी पोरीच्या गालाला बोट लावलं. पोर हसली. बाजूची बाई मोळीच्या भावावरून घासाघीस करत होती.

"हिला शाळेत घाल हो," गुरुजी म्हणाले. विनंतीच होती ती. "मी आहे इथं. मी स्वतः... ती चुकली तरी चालेल. मुद्दाम चुकू देईन तिला."

राहीने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. तिने विचार केला. खरंच केला, गुरुजींना तो दिसला. मग ती हळू म्हणाली, "नाय, गुरुजी. मी चुकले तर मी काय घालवलं, ते मला ठाऊक हाय. हिला नाय त्यात घालायचं."

"तुझ्यामुळं नाही गेलं काही. किती वेळा सांगू?"

"तुमी सांगितलं ना. मी आयकलं," राही म्हणाली. ती चांगली विद्यार्थिनी होती, गुरुजींना कधी तोडून बोलली नाही.

ऊन कलायला लागलं होतं. मोळी विकली गेली नव्हती आणि आता ती कसाऱ्याच्या वाटेवर दुसऱ्या एका घरी पोचवायची होती. राहीने मुलीला पाठीशी बांधलं, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि इकडेतिकडे पाहिलं. बाजूच्या बाया निघून गेल्या होत्या. मोळी एकट्याने उचलून डोक्यावर घेता येत नाही. कुणीतरी हात लावावा लागतो.

"गुरुजी," ती संकोचून म्हणाली, "जरा हात लावता?"

कुंडलिक गुरुजींनी छत्री खाली टाकली आणि दोन्ही हातांनी मोळी उचलली. ती त्यांना वाटलं होतं त्याहून जड होती. राहीने मानेने तोल सांभाळला, एक हात वर लावला आणि "येते," म्हणून ती चालायला लागली. पाठीवरची पोर मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिली, वळणापर्यंत.